घमेल्याच्या रांगेत जुळलेली दोस्ती

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो आणि बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. हिवाळ्यात सात दिवसांच्या निवासी शिबिराची यादी लागली की एखादे वडील गेटवर गाठतातच. "सर, आठ दिवस पोरगं माती उचलणार, मग अभ्यासाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडच्या बहुतेक घरांतून कॉलेजचं तोंड पाहणारं हे पहिलंच पोर असतं. त्याचं शिक्षण नापास झाल्यामुळं सुटतं असं फार कमी वेळा होतं. फॉर्मची तारीख हुकते, मुक्कामाची एसटी बंद होते, घरचे ऊस तोडायला निघतात, बहिणीचं लग्न ठरतं, आणि पोरगं हळूहळू दिसेनासं होतं. कुणी भांडून कॉलेज सोडत नाही. ही गळती रोखायला समित्या आहेत, कक्ष आहेत, पोर्टलं आहेत. मला मात्र त्या सगळ्यांपेक्षा शिबिरात जुळलेल्या पाच-सहा जणांच्या टोळक्याचा जास्त उपयोग झालेला दिसला. कसा, ते इथं लिहितो. क्रमाला फारसा अर्थ नाही, आठवलं तसं मांडलंय.

१. मार्कांसाठी आलेलाही चालतो

पोरं सेवेच्या ओढीनं शिबिराला येतात, असं आम्ही अहवालात लिहितो. खरं तर कुणी वाढीव गुणांसाठी येतं, कुणी सर्टिफिकेटसाठी, कुणी घरच्या कटकटीतून आठवडाभर सुटायला. कुणी नुसतं दुसरं कुणीतरी येतंय म्हणून. मी कारण विचारत नाही.

सक्ती की स्वेच्छा हा घोळ या योजनेच्या जन्माआधीपासूनचा आहे. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी तिची शिफारस. खर्च आणि व्यवस्थेचा आवाका बघून ते बारगळलं. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर राहिलेल्या माणसाची शिफारस पैशापायी अडावी, याची मला गंमत वाटते. पुढं २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. बरं झालं. वर्षभर डांबून ठेवलेल्या पोरांनी पळवाटाच शोधल्या असत्या. आपल्या पायानं आलेला, मग तो दहा गुणांच्या आशेनं का असेना, तिसऱ्या दिवशी रमलेला असतो.

२. ओळखीचे खेळ राहू द्या, आधी काम द्या

पहिल्या संध्याकाळी बाहेरून आलेले प्रशिक्षक चिठ्ठ्या, चेंडू, टाळ्या असले खेळ घेतात. पोरं खिदळतात आणि खेळ संपला की पुन्हा आपापल्या गावच्या घोळक्यात जाऊन बसतात. माझा त्या खेळांना विरोध नाही, संध्याकाळ बरी जाते. पण दुसऱ्या दिवशी ओढ्यावर जे घडतं, ते त्या खेळांतून घडताना मी पाहिलेलं नाही.

वनराई बंधारा घालायचा म्हणजे खताच्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरायच्या, त्यांची तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. एकाकडं टिकाव, एकाकडं फावडं, एकानं गोणीचं तोंड धरायचं, एकानं दाभणात सुतळी ओवायची. मग माणसांची रांग लागते आणि घमेलं हातोहात पुढं जातं. शेजारी कोण उभं राहावं हे तिथं कुणी निवडत नाही. अर्ध्या तासात शेजारच्याचा दम कुठं तुटतो ते कळतं, आणि न सांगता त्याच्याकडं अर्धं भरलेलं घमेलं जायला लागतं.

वर्गात तोंड न उघडणारा, बी.ए.चा एक मुलगा होता. घरी शेती, पोती शिवायचा हात बसलेला. त्यानं घातलेला टाका सुटायचा नाही. आमच्या बी.एस्सी.च्या पहिल्या नंबरच्या मुलीनं शिवलेल्या गोण्या मात्र उचलल्या की उसवायच्या. तिनं दोनदा-तीनदा स्वतः खटपट केली, मग त्याच्यापाशी जाऊन बसली. "दादा, एकदा दाखव की मला." त्यानं दाखवलं: दाभण तिरपं घालायचं, सुतळीला आधी गाठ मारायची, तोंड दुमडून मगच टाका. पुढं परीक्षेच्या तोंडावर हाच मुलगा इंग्रजीचं पुस्तक घेऊन ग्रंथालयात तिच्यासमोर बसलेला दिसला. त्याला विचारायला जड गेलं नसावं, कारण आधी विचारणारी ती होती.

म्हणून हुशार आणि कच्चा अशा जोड्या लावून देणाऱ्या योजना मला पटत नाहीत. मदत एकाच बाजूनं यायला लागली की घेणारा खाली मान घालतो आणि आठवडाभरात यायचा बंद होतो. ओढ्यावर हुशार कोण, हे कामागणिक बदलतं.

३. गट पाडताना गावकी मोडा

यादी पोरांच्या हातात दिली की गट आपसूक पडतात. एका गावचे, एका एसटीनं येणारे, एकाच प्रकारच्या आडनावांचे. तसं कुणी बोलत नाही, पण जेवणाच्या पंगतीत ते लख्ख दिसतं. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी ताट उचलून कोपरा धरला, कुणी "भूक नाही" म्हणालं. यावर बौद्धिक सत्रात भाषण ठेवता येतं. टाळ्याही पडतात. मी भाषणाऐवजी स्वयंपाकाची पाळी लावतो.

सहा जणांचा गट. त्यात तिन्ही शाखा आल्या पाहिजेत, एका गावचे दोनापेक्षा जास्त नकोत, होस्टेलवर राहणारा एक, एसटीनं येणारा एक, आणि एखादा आधी शिबिर केलेला. प्रत्येक गटावर एक दिवस सगळ्यांच्या जेवणाची जबाबदारी. पहाटे चारला उठून चूल पेटवायची. कणीक मळताना, कांदे चिरताना, पिठलं लागलं म्हणून एकमेकांवर खेकसताना कुठल्या वाडीचा कोण हा हिशेब मागं पडतो. कायमचा पुसला जातो असं मी म्हणणार नाही. गावी परतल्यावर तो पुन्हा येतो. पण त्या पाच जणांपुरता तरी तो पहिल्यासारखा राहत नाही.

ही काही माझी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली, तेव्हा कुठं खेड्यातल्या पोरांना शहरात शिकायला छप्पर मिळालं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांचं मिळून. एकत्र राहणं, एकत्र राबणं, एकत्र जेवणं. कर्मवीरांचं नाव घेताना 'कमवा आणि शिका' सगळ्यांना आठवतं, त्या एका पंगतीचा उल्लेख कमी होतो. शिक्षणाच्या दृष्टीनं मला ती पंगत फार मोलाची वाटते, आणि त्याचं कारण भावनेपेक्षा व्यवहाराचं आहे. एकाच वस्तीतल्या पाच जणांना सगळ्यांना तेवढीच माहिती असते. कुणाचाच भाऊ पुण्याला अभ्यासिकेत बसत नाही, कुणाचीच मामी नर्स नसते, कुणाच्याच घरात तहसीलची पायरी चढलेलं माणूस नसतं. गट मिसळला की एकाची माहिती पाचांच्या घरात जाते.

४. कोण येत नाही, हे हजेरीपटाआधी दोस्ताला कळतं

दसरा झाला की आमच्या भागात टोळ्यांची हालचाल सुरू होते. दिवाळीच्या मागंपुढं ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात, ते परततात पाडव्याच्या आसपास. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. आईची कंबर धरली की कोयता अर्धा पडतो आणि तो पुरा करायला घरातलं थोरलं पोर जातं. ते आठवीत आहे की बी.ए.ला, याच्याशी उचलीला देणंघेणं नसतं.

अशाच एका नोव्हेंबरात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आदल्या वर्षीच्या शिबिरात तिच्या गटात असलेला मुलगा चार दिवस दिसला नव्हता. "सर, त्याचा फोन बी लागंना. घराला कुलूप आहे म्हणते शेजारीण." माझ्या हजेरीपटात तो अजून गैरहजरांच्या गर्दीतला एक होता. मला पत्ता लागला असता परीक्षेच्या दिवशी, रिकाम्या बाकावरून.

पुढचं सगळं त्या गटानं केलं. त्यातल्या एकाचा चुलता त्याच टोळीत निघाला, त्याच्या फोनवरून गाठ पडली. कारखाना लांबचा, तीन जिल्हे ओलांडून. मुलगा दिवसभर फडात, रात्री कोपीत. फोन चार्ज करायला रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जायचं. गटातल्या पोरांनी विषय वाटून घेतले. रोज रात्री एकेकानं वहीच्या पानांचे फोटो पाठवायचे. दोघांच्या वह्यांचं अक्षर लागत नाही अशी तक्रार आली, तर त्या दोघांनी वाचून दाखवलेलं रेकॉर्ड करून पाठवलं. परीक्षा फॉर्मची फी आपसात गोळा केली. परीक्षेच्या दिवसांत तोड कशी भागवायची हा खरा पेच होता. तो टोळीतल्या त्या चुलत्यानं सोडवला: पोराच्या बापाला त्यानं तेवढे दिवस आपल्या जोडीला घेतलं. मुलगा आला तेव्हा घराला कुलूपच होतं. चार पेपर तो दोन मित्रांच्या घरी आळीपाळीनं राहिला.

माझ्या हातात होतं ते एवढंच, की प्राचार्यांना सांगून उपस्थितीची अडचण सोडवणं. तेवढं केलं. त्याचा एक विषय राहिला, तो पुढच्या सत्रात निघाला. पदवी हातात पडली आणि पोरगं बी.एड.ला लागलं. वह्यांमुळं तरला का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "वह्या निम्म्या वाचल्याच नाहीत सर. अंग दुखायचं, झोप लागायची. पण रोज कुणीतरी मेसेज टाकायचं ना, 'आज काय शिकवलं माहीत आहे का' म्हणून. त्यामुळं कॉलेज सुटलं असं वाटलंच नाही कधी."

आपण कॉलेजात आहोत ही जाणीव टिकणं, हे मला त्या दिवसापासून पाठ्यक्रमाइतकंच गंभीर वाटतं. ती हजेरीपट टिकवू शकत नाही. वर्गात शंभर नावं असतात. गटात सहा, आणि सहातला एक नसला तर जेवणाचा डबा उघडतानाच कळतं.

५. तारखा मित्राकडून कळतात

कॉलेजच्या अधिकृत व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेकडो जण आहेत. शिष्यवृत्तीची सूचना तिथं पडते आणि सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. सूचना फलकापाशी कुणी थांबत नाही. पण "तू भरला का?" हा प्रश्न तोंडासमोर आला की उत्तर द्यावंच लागतं.

महाडीबीटीचा अर्ज म्हणजे एक अर्ज नसतो. उत्पन्नाचा दाखला हवा, तो तहसीलमधून. त्यासाठी तलाठ्याचा कागद. बँक खात्याला आधार जोडलेलं हवं. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो फोन वडिलांकडं, आणि वडील रानात. प्रत्येक पायरीवर एकटं पोर मागं फिरू शकतं. सेतू केंद्राच्या रांगेत दोघं असले की एक झेरॉक्सला जातो, दुसरा नंबर धरतो. एवढ्याशा सोबतीनं दोन दिवसांचं काम एका दिवसात होतं आणि 'साहेब जेवायला गेलेत' ऐकून कुणी घरी परतत नाही. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. करून बघावं.

६. न आलेलं गणित सरांना विचारत नाहीत

"काही शंका?" असं मी वर्गाला विचारतो तेव्हा साठ चेहरे वहीत बघतात. शंका नसतात असं नाही. साठ जणांसमोर आपलं अडाणीपण उघडं करायला कुणी तयार नसतं. त्यात इंग्रजी पुस्तक.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एप्सिलॉन-डेल्टा आला की निम्मी मुलं मनातून गणित सोडून देतात. एका शिबिरात रात्री जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात दोन मुली आणि एक मुलगा खडूनं फरशीवर काहीतरी लिहीत बसलेले दिसले. खेळ चालला होता. मुलगा म्हणायचा, "एप्सिलॉन घे, ०.०३." मुलगी पटकन, "डेल्टा ०.०१." मग तो आणखी लहान आकडा द्यायचा, ती त्याचा तिसरा हिस्सा परत करायची. फलन होतं तीन एक्स अधिक दोन, आणि बिंदू एक. दहा-बारा फेऱ्यांनंतर मुलगा वैतागून म्हणाला, "मी कितीबी लहान दिलं तरी तू मला देतीच का?" ती म्हणाली, "हो ना! हेच तर लिहिलंय व्याख्येत." मी वर्गात तीन तास घालून जे सांगू शकलो नव्हतो ते तिनं एका खडूत सांगितलं होतं. मी तिथं थांबलो नाही. सर दिसले की असले खेळ मोडतात.

गणित शिकवणाऱ्यांनी उरी ट्राइसमन या अमेरिकी प्राध्यापकाचं काम माहीत करून घ्यावं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात कलनशास्त्राच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या प्रमाणात नापास होत होती, चिनी वंशाची मुलं तरून जात होती. प्राध्यापक मंडळींची कारणं तयार होती: गरिबी, कच्चा पाया, घरी उत्तेजन नाही, जिद्द नाही. ट्राइसमननं दोन्हीकडची वीस-वीस मुलं निवडून ती अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिलं. वरची कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं झटून अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी मुलं आधी आपापली गणितं करायची, मग जेवताखाता एकत्र बसून उत्तरं ताडायची, कुठं अडलं ते सांगायची आणि प्राध्यापकाची अपेक्षा काय हेही त्यातूनच ओळखायची. यावरून त्यानं जी कार्यशाळा काढली तिला त्यानं 'कच्च्यांचा वर्ग' होऊ दिलं नाही. बोलावलं मानानं, दिली अवघड गणितं, सोडवायची मिळून. निकाल पालटला.

आपल्याकडं नेमकं उलटं होतं. 'रेमेडियल'ची यादी लावतो, तास लावतो, सोपं करून पुन्हा तेच सांगतो, आणि यादीतलं पोर त्या खोलीच्या वाटेला जात नाही. मी आता गटांना अवघडच उदाहरणं देतो. एकट्यानं प्रयत्न करून आलेलाच गटात बसेल, हा एक नियम मात्र पाळायला लावतो. नाहीतर एक सोडवतो आणि पाच उतरवून घेतात.

७. मुलींच्या मैत्रीला घरची संमती लागते

मुलाचा मित्र घरी कुणाला माहीत नसला तरी चालतं. मुलीची मैत्रीण आईच्या नजरेखालून गेलेली असावी लागते. शिबिराला पाठवायची परवानगीही बहुतेक वेळा अशीच मिळते, "ती चाललीय का? मग जा." म्हणून मुलींच्या यादीत मी आणि माझ्या सहकारी मॅडम एकटं नाव शक्यतो ठेवत नाही. मॅडम आधी दोन-तीन घरी जाऊन येतात, चहा घेतात, झोपायची सोय कशी आहे, दाराला आतून कडी आहे का, हे आईला सांगून येतात. हे काम पुरुष प्राध्यापकाच्यानं होत नाही.

या मैत्रीचा कस लागतो दुसऱ्या वर्षी, स्थळं यायला लागतात तेव्हा. वय अठरा पूर्ण, म्हणजे कायद्याचाही आडोसा नाही. आम्ही शिक्षकांनी समजावलं तर वडील मान डोलावतात आणि मनातलं करतात. मैत्रिणींची रीत वेगळी असते. त्या संक्रांतीचं वाण घेऊन जातात, चुलीपाशी बसतात आणि आईला धरतात. "मावशी, एवढी परीक्षा होऊ द्या. नुसती एवढी." पुढच्या सत्राला पुन्हा तेच. कुणी 'लग्न करू नका' म्हणत नाही, त्या एकेक सत्र मागून घेतात. सगळ्यांना यश येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर भरल्या वर्गातून गेलेल्या मुली आहेत, आणि त्यांच्याही मैत्रिणी होत्या. पण शेवटच्या वर्षाचा पेपर गळ्यात नवं मंगळसूत्र घालून द्यायला आलेली एक मुलगी आठवते. सासरहून तिला आणायला कॉलेजातल्या दोघी गेल्या होत्या, आणि परीक्षेनंतर सोडायलाही त्याच.

८. दोस्ती बुडवतेही

हे लिहिलं नाही तर वाचणारा हसेल. एका वर्षी वाणिज्य शाखेचे तिघे एकाच पेपरला गैरहजर. कारण विचारलं तर, "त्याची तयारी नव्हती सर, मग आम्ही बी नाही बसलो." केवढं हे प्रेम! दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारी, मोटारसायकलवर तिघं-चौघं फिरणारी टोळकीही दोस्तीच करत असतात, आणि घमेल्याच्या रांगेतल्या दोस्तीइतकीच ती घट्ट असते.

त्यावर माझ्याकडं जालीम उपाय नाही. एक पाहिलंय: गटात शाखा आणि वर्षं मिसळलेली असली की सगळ्यांचे पेपर एका दिवशी येत नाहीत. मग मिळून दांडी मारता येत नाही, आणि कॉपीही पुरवता येत नाही. वरच्या तिसऱ्या मुद्द्याचा हा फायदा मला उशिरा लक्षात आला.

९. शिबिर संपल्यावर ट्यूबलाइट चालू ठेवा

सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे, म्हणजे वर्षाला १२० तास नेमाचं काम. पुष्कळ ठिकाणी हे तास कागदावर भरतात. आम्ही शनिवार धरतो: झाडांना पाणी, मतदार नोंदणी, दत्तक गावात पोरांची शिकवणी, जे असेल ते. गट मात्र शिबिरातलेच ठेवतो. दर कार्यक्रमाला नवे गट पाडायची हौस काही सहकाऱ्यांना असते, 'सगळ्यांची सगळ्यांशी ओळख व्हावी' म्हणून. त्यानं ओळखी वाढतात, पण चुलता शोधून काढणारं कुणी तयार होत नाही.

आणि एक जागा हवी. तास साडेचारला संपतात, शेवटची एसटी सव्वासहाला. मधला वेळ पोरं स्टँडवर काढतात. एक रिकामी वर्गखोली, चार बाकं, चालू ट्यूबलाइट, एवढंच मागून घेतलं. तिथं रजिस्टर नाही, पर्यवेक्षक नाही, भिंतीवर थोरांची वचनं नाहीत. किल्ली गटांकडं पाळीनं. पहिल्या महिन्यात तिथं भेळ खाणं आणि रील बघणं याशिवाय काही झालं नाही, आणि प्राचार्यांनी खोली परत मागितली. मी वेळ मागून घेतला. परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्या दिवसापासून खोलीत बसायला जागा मिळेना.

१०. यादीत नसलेला पोरगा

मूल्यांकनाची समिती येते तेव्हा आलेख मागते. शिबिर केलेल्यांचा निकाल किती, न केलेल्यांचा किती. आलेख आमच्या बाजूनं उभा राहतो, आणि तरी मला तो दाखवायला संकोच वाटतो. कारण शिबिराला येतो तो आधीच थोडा धीट असतो, त्याला घरून परवानगी मिळालेली असते, आठवडाभर त्याच्या मजुरीवाचून घराचं अडत नसतं. त्याचा निकाल चांगला लागण्यात शिबिराचा वाटा किती आणि या बाकीच्याचा किती, हे त्या दोन खांबांवरून वेगळं काढता येत नाही. गणिताच्या माणसानं तरी तसं भासवू नये. वर लिहिलं ते मी घडताना पाहिलंय, म्हणून लिहिलं.

ज्याला गटाची सगळ्यात जास्त गरज, त्याचं नाव यादीत आपणहून येत नाही, ही या सगळ्यातली मोठी अडचण. तो सूचना वाचत नाही, त्याला कुणी "चल" म्हणत नाही. नोटीस लावून तो सापडणार नाही. म्हणून यादी पक्की करायच्या आधी मी ग्रंथालयातल्या शिपाई मामांकडं जातो. कोण रोज एकटं येऊन एकाच कोपऱ्यात बसतं, कोण डबा आणत नाही आणि मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिऊन परत येतं, हे मामांना ठाऊक असतं. ते नावं सांगत नाहीत, खुणा सांगतात: खिडकीजवळचा, निळी पिशवीवाला. मग शिबिराच्या गटातल्या जुन्या पोरांपैकी एकाला त्या खिडकीजवळ पाठवायचं. सरांनी बोलावलं तर तो घाबरून "नाही" म्हणतो.

यंदाच्या शिबिराला अजून अवकाश आहे, पण मामांनी दोघांच्या खुणा सांगून ठेवल्यात. त्यातला एक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा असावा. आमच्या बी.ए.च्या एका पोरीनं त्याच्याकडून पेन मागून घेतलाय आणि अजून परत केलेला नाही.